बिरड्याचा रोजा

सुशांतचा फोन आला तेव्हा मी हर्नडनला आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसले होते. इंजिन बंद केलं होतं, पट्टा सोडायचा राहिला होता. "ताई, आज बाबा एकदम फ्रेश," माझा धाकटा भाऊ ठाण्याहून सांगत होता. "स्वतः उठून चहा केला, पेपर वाचला, वर मलाच म्हणाले, दाढी कर, कसा दिसतोस." मी म्हटलं, "अरे वा!" आणि ते म्हणत असतानाच समोरच्या आरशात माझं तोंड उतरलेलं दिसलं. आनंद नव्हता तो. काळजी म्हणावी तर तीही नव्हती. काळजी मला ओळखता येते, गेली दोन वर्षं ती माझ्याच घरात राहते. फोन ठेवून मी स्टिअरिंगवर हात टेकले, जे झालं होतं ते नीट पाहिलं, आणि मला कळलं की माझा विरस झाला होता. बाबांना बरं वाटतंय हे ऐकून माझा विरस झाला होता. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की गाडीच्या काचा थरथरल्या. डलसचा विमानतळ इथून दहा मिनिटांवर आहे, दर चार-पाच मिनिटांनी कुणीतरी निघतं नाहीतर पोचतं. मी वर बघत नाही. नऊच्या मीटिंगमध्ये कुणीतरी माझ्या वडिलांची चौकशी केली, मी हसून "मच बेटर" म्हटलं आणि पुन्हा तेच झालं.

वडील बरे आहेत म्हणून जिचं तोंड उतरतं अशी मुलगी कशी तयार होते, ते सांगायला फार वेळ लागत नाही. मी, माझा नवरा नकुल आणि दोन वर्षांची आन्या, असे आम्ही अकरा वर्षांपूर्वी माझ्या नोकरीच्या व्हिसावर इथे आलो. तीन वर्षांपूर्वी ती नोकरी गेली, तिच्यामागून व्हिसा गेला, आणि तेव्हापासून आम्ही तिघं माझ्या ग्रीन कार्डाच्या अर्जाला लोंबकळून आहोत. राहायची परवानगी आहे, काम करायची आहे, टॅक्स भरायची तर आहेच आहे. फक्त बाहेर जायची नाही. त्याला वेगळा कागद लागतो, आणि तो मागून चौदा महिने झाले. तो हातात नसताना मी विमानात बसले तर अर्ज मी आपण होऊन सोडला असं धरतात. माझा गेला की त्या दोघांचाही जातो आणि रांगेच्या शेपटाला जाऊन पुन्हा उभं राहायचं. आन्या आता तेरा वर्षांची आहे. ठाणे तिच्यासाठी आता फोनच्या पडद्याएवढंच उरलं आहे. नकुल नागपूरचा, स्वभावाने मोकळा, महिन्यातून एकदा तरी म्हणतो, "यार, तू जा ना सरळ. बघू जे होईल ते." तो हे अगदी मनापासून म्हणतो, फक्त म्हणताना आन्याच्या खोलीच्या बंद दाराकडे बघतो.

एक रस्ता होता. वकीलबाईंनी तो मला फोनवर सांगितला, आणि वाईट बातम्या सांगून सांगून कंटाळलेल्या माणसाला एकदाची बरी बातमी सापडावी तशा आवाजात सांगितला. जवळचं माणूस मरणाच्या दारात असेल तर तातडीचा कागद एका दिवसात मिळू शकतो. त्याला डॉक्टरांचं पत्र लागतं, लेटरहेडवर, आणि पत्रात 'क्रिटिकल' हा शब्द लागतो. मी विचारलं, शब्द 'स्टेबल' असला तर? म्हणाल्या, मग थांबायचं. मी विचारलं, आणि वारलेच तर? म्हणाल्या, डेथ सर्टिफिकेटवर तर बहुतेक मिळतोच. मी त्यांना थँक्यू म्हटलं. आमच्यात माती त्याच दिवशी देतात, सूर्य मावळायच्या आत. सर्टिफिकेट पुढच्या आठवड्यात येतं. बाबांचं हृदय पंचवीस टक्के चालतं. डॉक्टर म्हणतात सहा महिने, कदाचित वर्ष, सांगता येत नाही. म्हणजे मरणार नक्की, पण पत्रात लिहिण्याजोगं मरत नव्हते. सोमवारी पाय सुजायचे, दम लागायचा, मी बॅग कपाटावरून खाली काढायची. बुधवारी ते स्वतः चहा करायचे. मी बॅग पुन्हा वर ठेवायची, आणि ठेवताना कुणावर तरी चिडलेली असायची. कुणावर, ते त्या दिवशी पार्किंगमध्ये कळलं.

त्याच संध्याकाळी आन्या डायनिंग टेबलावर एक मोठा पुठ्ठा पसरून बसली होती. रविवारच्या हिब्रू वर्गातला प्रोजेक्ट. तिने दोन हजार वर्षांपूर्वीच्या आमच्या पूर्वजांच्या शहराची तटबंदी काढली होती, बाहेर रोमन सैन्याचे तंबू, आत खूप घरं आणि मधोमध देऊळ. वर्गाचे दोन गट केले होते: वेढा पडलेल्या शहरात राहायचं की निघून जायचं. आन्या 'निघून जायचं' गटात होती आणि वैतागली होती, कारण तिच्या मैत्रिणी दुसऱ्या गटात होत्या. "स्टेइंग इज सो मच कूलर," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुला माहितीये का, दाणागोटा कुणी जाळला ते?" "द रोमन्स, ऑब्व्हियसली." "नाही गं. आतल्यांनीच. कोठारं भरलेली होती, कित्येक वर्षं पुरली असती. पण आतल्या जहाल लोकांना वाटलं, लोकांचं पोट भरलेलं असेल तर ते लढणार नाहीत. म्हणून आपणच आपली कोठारं जाळली." आन्याने पेन्सिल खाली ठेवली. "दॅट्स सो डंब." मग थोड्या वेळाने, पुठ्ठ्याकडेच बघत, "आणि मग लोक पळून का नाही गेले? रोमन्सनी त्यांना मारलं असतं?" तिचं असं मराठी ऐकलं की मला एरवी बरं वाटतं. "दरवाज्यावर पहारा होता," मी म्हटलं, "तोही आतल्यांचाच. कुणालाही बाहेर सोडायचं नाही म्हणून." तिने दरवाज्यापाशी दोन माणसं काढली, हातात भाले दिले, आणि त्यांची तोंडं आतल्या बाजूला केली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ उगाचच चालू ठेवून उभी राहिले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की मला अडवणारे बाहेर आहेत, काउंटरपलीकडे, कुठल्यातरी राज्यातल्या कुठल्यातरी इमारतीत. पण माझी बॅग पुन्हा कपाटावर ठेवायला त्यांच्यापैकी कुणी कधी आलं नव्हतं.

आम्ही बेने इस्रायल. आमचं आडनाव झिराडकर. हे दोन्ही एका वाक्यात सांगितलं की समोरचा माणूस, मग तो ठाण्याचा असो की हर्नडनचा, एकदा थांबतोच. मराठी मंडळात मला विचारतात, "झिराड म्हणजे अलिबागजवळचं ना? मग तुम्ही नक्की कोण?" इथल्या सिनेगॉगमध्ये विचारतात, "बट हाउ आर यू ज्यूइश?" दोघांनाही मी तीच गोष्ट सांगते. आमचे पूर्वज फार जुन्या काळी आपला देश सोडून निघाले, नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या. मग तेलाचा घाणा घेतला, शनिवारी तो बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणू लागलं. बाकी जवळजवळ सगळं विसरलो. देवळाला काय झालं हे आम्हाला शेकडो वर्षं कुणी सांगितलं नाही; आम्ही त्याच्या आधीच निघालो होतो असं म्हणतात. पण वर्षातल्या एका दिवशी, श्रावणाच्या आगेमागे, आम्ही कडक रोजा धरायचो, पाण्याचा थेंबही नाही, आणि रात्री तो बिरड्यावर सोडायचो. म्हणून त्याचं नाव बिरड्याचा रोजा. पुढे बाहेरून शिकलेले लोक आले आणि त्यांनी सांगितलं की बाबांनो, हा तर तो दिवस, शहर पडल्याचा, देऊळ जळाल्याचा. बाबा म्हणायचे, विचार कर, एवढं मोठं शहर, दोनदा जळालं, जगभरचे आपले लोक त्या दिवशी जमिनीवर बसून रडतात, आणि आमच्याकडे त्यातलं काय उरलं, तर मूठभर वाल. मला लहानपणी याची लाज वाटायची. आता वाटतं, जे तीन दिवस आधी भिजवावं लागतं ते विसरायला जरा कठीणच असतं.

कारण बिरडं असं एकदम होत नाही. कडवे वाल आधी रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. आई गेल्यानंतर आमच्या ठाण्याच्या घरात हे काम बाबा करायचे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायचे. बाजारातून जाताना त्यांना नमस्कार घालणारे पुष्कळ आणि घरी बोलावणारे फारच थोडे. मी सातवीत असताना मला शाळेचा कॅम्प चुकवायचा होता. वर्गातल्या निम्म्या मुलींनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. मी बाबांना म्हटलं, ताप होता एवढंच लिहून द्या. ते परातीत वाल सोलत होते. "ताप आहे का?" "नाही." "मग शब्द हलका पडेल," ते म्हणाले. "आधी ताप आण, मग लिहितो." मी चार दिवस त्या कॅम्पात डास चावून घेतले. शेजारच्या काकूंना आमचा रोजा श्रावणातला उपासच वाटायचा, त्या प्रेमाने साबुदाण्याची खिचडी पाठवायच्या, बाबा ती झाकून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी खायचे आणि डबा परत देताना म्हणायचे, "कालची छान होती." मी म्हणायचे, बाबा, हे खोटं नाही का? ते म्हणायचे, कालचीच होती ना?

वेढ्याची गोष्ट मला त्यांनी त्या परातीवरच सांगितली होती. शहरात एक म्हातारे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होते. त्यांना दिसत होतं की शहर पडणार. पण दरवाज्यातून बाहेर जाऊ देत फक्त एकालाच, मेलेल्याला, कारण मढं रात्रभर शहरात ठेवायचं नाही असा नियम होता. पहारेकऱ्यांचा म्होरक्या रब्बींचा भाचाच होता. तोही हबकलेला होता, आपण सुरू केलेलं आता आपल्यालाच थांबवता येत नाही म्हणून. त्याने मामाला चोरून युक्ती सांगितली: आधी आजारी पडा. लोकांना भेटायला येऊ द्या. मग मेलात अशी बातमी पसरवा. शिष्य त्यांना पेटीत घालून दरवाज्यापर्यंत घेऊन गेले. पहारेकरी म्हणाले, भाला खुपसून बघू, खरंच मेलाय का. शिष्य म्हणाले, लोक काय म्हणतील, स्वतःच्या गुरूला भोसकलं? पेटी बाहेर पडली. रब्बी उठून रोमन सेनापतीपुढे उभे राहिले, आणि मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी शहर मागितलं नाही. एक लहानसं गाव आणि थोडे शिकणारे लोक मागितले. शहर जळालं, देऊळ जळालं, बळी देणं कायमचं थांबलं, आणि त्या लहानशा गावात लोक पाठांतर करत बसले. तिथून पुढे आपले लोक देवळाशिवाय जगायला शिकले. पुस्तक, प्रार्थना आणि घरातलं टेबल एवढ्यावर. "दोन हजार वर्षं जे चाललंय ते सगळं त्या पेटीतून निघालं," बाबा म्हणायचे. मला तेव्हा प्रश्न पडला होता की रब्बी तर मेले नव्हते, मग हे खोटं वजन नाही का. मी तो विचारलाही होता. बाबांनी दोन-तीन वाल सोलले. म्हणाले, "ते मला अजून सुटलेलं नाही."

गुरुवारी मी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलले. ते खिडकीपाशी बसले होते, हनुवटी खाली आली होती, कॉलर गळ्याला मोठी झाली होती. मला आदल्या दिवसापासून स्वतःचा राग होता, आणि राग आला की मी चेष्टा करते. ही खोड त्यांचीच. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फार तब्येत कमवू नका हं. तुम्ही ठणठणीत दिसलात की मला कागद मिळत नाही." ते हसले. मग म्हणाले, "म्हणजे?" आणि मी सांगून बसले. सगळं सांगितलं. पत्र, लेटरहेड, शब्द. सुशांतने डॉक्टरांना विचारलं होतं हेही सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाले होते, थोडं वाढवून लिहितो, त्यात काय. मागे सुशांत हातवारे करून मला गप्प बस म्हणून खुणावत होता. बाबा फोनच्या अगदी जवळ आले, त्यांचा एकच डोळा दिसायला लागला. "नाही," ते म्हणाले. "डॉक्टर भला माणूस आहे. त्याला माझ्यापायी खोटं लिहायला लावायचं नाही." "बाबा, खोटं कसलं? तुम्ही आजारी आहातच की!" "आजारी आहे. ते म्हणतात तेवढा नाही." मी चिडले. मी त्यांना म्हटलं की तुमच्या त्या काट्यापायी मी तुम्हाला शेवटचं भेटणार नाही. असंच म्हटलं, 'शेवटचं' म्हटलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग शांतपणे, पूर्वी दुकानदाराला विचारायचे तशा आवाजात विचारलं, "शब्द नक्की कुठला लागतो?" मी म्हटलं, "क्रिटिकल." त्यांनी तो हळूच एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाले, "बरं. रविवारी रोजा आहे, लक्षात आहे ना? शनिवारी संध्याकाळी लवकर जेवून घे." मी म्हटलं, "तुम्ही धरायचा नाही हं, डॉक्टरांनी बजावलंय." ते म्हणाले, "तू तुझं बघ."

शनिवारी संध्याकाळी आम्ही इथल्या सिनेगॉगमध्ये जमिनीवर बसलो. दिवे मंद केले होते. सिनेगॉगला आमच्याकडे पूर्वी मशीद म्हणायचे, हे मी इथे कधी कुणाला सांगितलेलं नाही. एवढं समजावायचं बळ माझ्यात नाही. शहराचा शोक वाचला जात होता, ओळीमागून ओळ, एकेकाळी गजबजलेलं ते शहर आता कसं एकटं बसलंय वगैरे, आणि मला त्या शहराचं काही म्हणता काही वाटेना. मी विचार करत होते त्या आतल्या लोकांचा. जे शूर नव्हते, रब्बी नव्हते, ज्यांना कुणी भाचा नव्हता. ते सकाळी उठत असतील, पोरांना काहीतरी शोधून आणत असतील, शेजाऱ्यांशी आज तंबू किती आहेत याच्या गप्पा मारत असतील. त्यांनाही वाटत असेल, पुढच्या महिन्यात काहीतरी होईल. आणि एखादं म्हातारं माणूस दगावलं की त्याच्या मुलांना, रडता रडता, क्षणभर वाटून गेलं असेल का, की आता आपल्याला दरवाज्यापर्यंत तरी जाता येईल? प्रेताबरोबर चार पावलं भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत? वाटलं असेल. मला खात्री आहे. हे कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही, पण ते माझ्याइतकेच माणूस असतील तर वाटलंच असेल. माझ्या शेजारी आन्या मांडी घालून फोन उलटा ठेवून बसली होती. तिने माझ्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि शहरासाठी समजून माझा हात धरला. मी तिला तसं समजू दिलं.

रविवारी सकाळी मी सुशांतला फोन केला, बाबांनी रोजा धरला का म्हणून. तो म्हणाला, "छे गं, मी समोर उभं राहून दूध-पोळी दिलीये. झोपलेत आता." माझा जीव भांड्यात पडला. दिवसभर घसा कोरडा घेऊन मी घरातल्या घरात फिरत राहिले. संध्याकाळी इंडियन स्टोअरमधून आणलेलं सोललेल्या वालांचं फ्रोजन पाकीट फोडलं आणि बिरडं केलं. नकुलने दोनदा वाढून घेतलं. आन्या म्हणाली, "इट्स काइंड ऑफ बिटर," आणि तरी संपवलं. ज्याला सोलायला एक अख्खी दुपार जायची ते सहा मिनिटांत उकळलं होतं.

मंगळवारी सकाळी सुशांतचा आवाज वेगळा होता. बाबा सोमवारी संध्याकाळी बाथरूमपाशी पडले होते. रात्री हॉस्पिटलात हलवलं, किडन्या नीट चालत नाहीत, रक्तदाब खूप खाली गेलाय. "खातच नाहीयेत गं," तो म्हणत होता. "तोंड घट्ट मिटून घेतात. चमचा नेला की मान फिरवतात. आणि ताई, घरी त्यांच्या कपाटात शनिवारपासूनच्या पोळ्या सापडल्या, पेपरात गुंडाळलेल्या. गोळ्यापण तशाच. डॉक्टर म्हणतात, या वयात होतो असा भ्रम." माझ्या मनात एक विचार उभा राहायला लागला होता, मी त्याला बस म्हटलं. म्हातारी माणसं पोळ्या लपवतात. भ्रमात लपवतात. सुशांत रडत होता आणि मधेच म्हणाला, "पत्र दिलंय डॉक्टरांनी. मी मागितलं नाही, त्यांनीच दिलं. पाठवलंय बघ." मी व्हॉट्सॲप उघडलं. लेटरहेड, तारीख, शिक्का. 'क्रिटिकल'. आधीच्या ओळी मी वाचल्याच नाहीत. तो शब्द मी दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि माझ्या छातीवरचं कुणीतरी उठून गेलं. मला श्वास घेता आला. बापाच्या मरणाचा कागद हातात धरून मी पोटभर श्वास घेतला, आणि त्याची मला जी शरम वाटली ती मी कुणाजवळ बोलू शकणार नाही, नकुलजवळसुद्धा नाही. मग मी पळायला लागले. वकीलबाई, प्रिंटर, फोटो, दुसऱ्या दिवशी सकाळी आठची अपॉइंटमेंट. नकुलने बॅग खाली काढली. या वेळी त्याने काढली.

काउंटरपलीकडे एक पांढऱ्या केसांची बाई होती. तिने पत्र सावकाश वाचलं, सगळ्या ओळी वाचल्या. विचारलं, तुम्ही किती वर्षांत त्यांना भेटला नाहीत? मी म्हटलं, पाच. ती म्हणाली, "आय ॲम सो सॉरी," आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मला दीड तास बाहेर बसवलं. समोरच्या भिंतीवर कुठलासा डोंगर होता. मग नाव पुकारलं आणि हातात कागद आला, माझा फोटो लावलेला, शिक्का मारलेला, कोपरा अजून गरम. एवढासा होता तो. मी तो घेऊन पार्किंगमध्ये आले. दहा वाजायला आले होते, ठाण्यात संध्याकाळचे साडेसात. मी सुशांतला फोन लावला आणि म्हटलं, मिळाला, आज रात्रीचं विमान घेते. तो म्हणाला, "थांब, बाबांच्या कानाला लावतो. ऐकू येतंय त्यांना. चार दिवस झाले ताई, पोटात काही नाही, परवापासून नुसत्या सलाइनवर आहेत. तूच सांग काहीतरी."

पलीकडे यंत्राची पिकपिक आणि जवळ एक श्वास. मी म्हटलं, "बाबा." श्वास थांबला.

"मिळाला का?" त्यांनी विचारलं. आवाज सुकलेला होता, पण स्वच्छ. त्यात कसलाही भ्रम नव्हता.

"मिळाला, बाबा."

"शिक्का आहे? नीट बघ."

"आहे."

"वाचून दाखव."

मी गाडीला टेकून त्यांना तो कागद वाचून दाखवला, माझं नाव, तारीख, मुदत, सगळं. वाचून झाल्यावर मी थांबले. वाऱ्याने कागदाचा कोपरा फडफडत होता आणि मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"बरं," बाबा म्हणाले. "मग आता सांग या सुशांतला. मला भूक लागली आहे."